मुलाच्या मापाचा वर्ग

जयपूर म्हटले म्हणजे हवामहाल आणि गुलाबी रंगाच्या बाजारपेठा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु या शहराचे नाव दूरदूरच्या देशांत पोचले ते एका रबरी पायामुळे. १९६८ च्या सुमारास तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडविला. तत्पूर्वीचा परदेशी धर्तीचा पाय बुटात घालून वापरावा लागे. तो लावून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, शेतातल्या चिखलातून अनवाणी चालता येत नसे. माणसाने पायाच्या सोयीने वागायचे, असा तो उलटा व्यवहार होता. जयपूरच्या पायाने तो सुलटा केला.

सर्वसमावेशक बालवर्गाचे तत्त्व याहून निराळे नाही. वर्गाच्या मापात बसेल त्या मुलाला घ्यावयाचे आणि न बसेल त्याला घरी ठेवावयाचे, ही जुनी रीत. मुलाच्या मापाने वर्ग बेतावयाचा, ही नवी. ‘नवी’ म्हणावयाचे इतकेच. कारण १९४५ साली बोर्डीस ताराबाई मोडक यांनी हेच केले होते. वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी व अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तेथे रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेबरोबर देशभर गेला आणि आज जयपूरच्या गल्लीतही तो परका वाटत नाही.

अशा वर्गातील शिक्षिकेचे काम बारीकसारीक गोष्टींनी भरलेले असते. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला ती आपल्या समोर बसविते आणि स्वतः खिडकीकडे पाठ करून उभी राहत नाही. कारण चेहऱ्यावर उजेड नसेल तर ओठांची हालचाल त्याला दिसावयाची नाही. ज्याची दृष्टी मंद आहे त्याच्यासाठी खेळणी रोज ठरलेल्या जागी ठेविली जातात. ज्याची बोटे नीट वळत नाहीत त्याच्या खडूला चिंधी गुंडाळून तो जाड केला जातो. सांगानेरच्या छिप्यांचा लाकडी ठसा अशा हाताला सहज धरता येतो आणि त्यावरील वेलबुट्टी डोळ्यांनी न दिसली तरी बोटांना कळते. स्वमग्न मुलाला अचानक झालेला बदल सोसत नाही. म्हणून प्रार्थना, खेळ, खाऊ, गोष्ट यांची चित्रे ओळीने भिंतीवर लाविली जातात. गंमत अशी की, ही चित्रे, हा जाड खडू आणि हातवारे करून सांगितलेली गोष्ट इतर मुलांनाही तितकीच उपयोगी पडते.

मुले निःसंकोचपणे विचारतात, “हा बोलत का नाही?” प्रश्न दडपून टाकण्यात शहाणपणा नाही. “त्याला शब्द उमटायला वेळ लागतो, तो बोटाने दाखवतो ते पाहा,” एवढे उत्तर तीन-चार वर्षांच्या मुलाला पुरते. खरा धोका निराळाच असतो. प्रेमळ मुले त्याचे जोडे घालून देतात, डबाही उघडून देतात, आणि त्याला स्वतः काही करावयाचे उरत नाही. मदत कोठे थांबवावी हे शिकविणे, हाही या वर्गातील एक पाठच होय.

कित्येकदा अपंगत्वाची पहिली चाहूल शिक्षिकेलाच लागते. हाकेला मूल वळत नाही, चित्र नाकाशी धरून पाहते, इतरांत मिसळत नाही. तिने रोगाचे नाव घ्यावयाचे नसते. ती वैद्य नव्हे. जे पाहिले ते नोंदवावे, आणि आईशी बोलताना मुलाला काय येते ते प्रथम सांगावे. पुढे २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे त्याला पाठविता येते. २०२३ च्या नोव्हेंबरात दिव्यांग बालकांसाठी अंगणवाड्यांना जी कार्यपद्धती केंद्र सरकारने घालून दिली, तिचा क्रमही असाच आहे: लवकर ओळखावे, सामावून घ्यावे, योग्य ठिकाणी पाठवावे.

येथे लवकर या शब्दाला फार मोल आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा मुलाचा हात सहाव्या वर्षी धरतो. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही मोफत शिक्षणाची हमी सहाव्या वर्षापासूनच देतो. भाषा, तोल, सवंगडी या साऱ्यांची पायाभरणी मात्र त्याआधी होऊन गेलेली असते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणात धरला हे खरे. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. त्या तीन वर्षांत मुलाच्या वाट्याला काय येईल, हे बव्हंशी एका शिक्षिकेच्या तयारीवर ठरते. आणि अंगणवाडीत तर ती मानधनावर राबणारी, एका मदतनिसाच्या साहाय्याने आहार, नोंदी आणि शिकविणे एकटीने सांभाळणारी असते. तिला प्रशिक्षण, आणखी एक हात आणि थोडी उसंत न देता केवळ मायाळूपणाची अपेक्षा करणे न्यायाचे नाही.

जयपूरच्या त्या पायामागे मायेइतकीच कारागिरी होती. डॉक्टर आणि कारागीर एकत्र बसले, माणूस कसा बसतो व चालतो हे त्यांनी पाहिले, आणि मगच साचा घडविला. बालवर्गालाही दुसरा मार्ग नाही.