काचळीची किंमत

जुन्या कपड्यांचा धंदा आपल्याला नवा नाही. बोहारीण दारात बसते, पँटी उलट्यापालट्या करते, एखादी जरीची साडी आणखी मागते आणि शेवटी स्टीलचं पातेलं पुढे सरकवते. ते कपडे पुढे कुठे जातात, हे आपण विचारत नाही. दिल्लीच्या रघुबीर नगरात वाघरी समाजाचा जुन्या कपड्यांचा बाजार उजाडायच्या आतच भरतो. ल्युसी नॉरिस या अभ्यासक बाईंच्या २०१० सालच्या पुस्तकात या साऱ्या साखळीचा शोध आहे. त्या बाजारात कपड्याचा पहिला मालक विसरला गेलेलाच बरा. ‘व्हिंटेज’च्या दुकानात मात्र उलटं. कपडा कुणाचा, कधीचा, कुणी टाचला, हे सांगता आलं तर भाव. नाहीतर ती नुसती जुनी चिंधी.

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावात असं दुकान काढायचं तर माल कुठला? परदेशातून वापरलेले कपडे आणायला सरकारी परवाना लागतो, शिवाय त्या जॅकेटांना इथे विचारतो कोण? नागपूर-तुळजापूर महामार्गावरच्या या कापूसपट्ट्यातला खरा ठेवा तांड्यांवरच्या पेट्यांत आहे. पुसद, महागाव, दिग्रस हा बंजारा वस्तीचा मुलूख. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांचं गहुली इथलंच, पुसद तालुक्यातलं. बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहणाऱ्या या समाजाचा व्यापार रेल्वेने बुडवला, १८७१च्या कायद्याने पुढे त्यातल्या अनेकांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तरीही बायकांनी फेटिया (घागरा), काचळी (चोळी), टुकरी (ओढणी) हा पोशाख पिढ्यानपिढ्या टिकवला. आता तो थोरल्या याडीच्याच, म्हणजे आईच्याच, अंगावर दिसतो. सुनांनी साडी कधीच जवळ केली.

एक जुनी काचळी हातात घेऊन बघावी. पाठ उघडी, बांधायला नुसते बंद. सगळी मेहनत पुढच्या अंगावर. आरसे, कवड्या, कथलाचे मणी, नाणी. जुना आरसा फुंकलेल्या काचेचा, म्हणून पातळ आणि किंचित फुगीर. सपाट, एकसारखा असेल तर काम अलीकडचं समजावं. नाण्यावर ‘नया पैसा’ असेल तर ते १९५७ ते १९६४ मधलं, कारण जून १९६४ मध्ये ‘नया’ गळाला. पण घाई नको. आईच्या काचळीवरची नाणी उसवून लेकीच्या काचळीवर लागतात. नाणं एवढंच सांगतं, की त्या सालाआधी ते तिथे नव्हतं. बाकीचं याडीलाच विचारावं लागतं, आणि तिथेच बहुतेक व्यापाऱ्यांची पंचाईत होते. त्यांना विचारायचंच नसतं.

असे कपडे नेणारे नेतात आणि कापतात. फेटियाची किनार पिशवीवर बसते, काचळीची पेटी, म्हणजे भरतकामाचा तुकडा, उशीच्या अभ्र्यावर. गोव्यात हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात लमाणी, म्हणजे बंजारा, बायका असा माल मांडून बसतात. दुसऱ्या टोकाला कॅनडातल्या व्हँकुव्हरची ‘मायवा’ ही कापडाची संस्था: तिथल्या शार्लट क्वॉन आणि टिम मॅक्लॉफ्लिन यांचं बंजारा वस्त्रांवरचं पुस्तक २०१६ साली निघालं. म्हणजे कापडाचं मोल जाणणारे आहेत, फक्त ते तांड्यापासून फार लांब आहेत.

दुकानदाराने कायदा मात्र नीट वाचावा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यात येते. तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. दंडावरच्या जुन्या बलिया (बांगड्या) हस्तिदंती असल्या तर हातही लावू नये. जीएसटीत सोय आहे: जुन्या वस्तूवर खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरता येतो, खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल तर.

खरं भांडवल निगराणीत जातं. ओल्या पांढऱ्या कापडाने कोपरा दाबून रंग सुटतो का ते आधी पाहायचं. मशीनमध्ये घालायचं नाही. नाण्यांच्या वजनाने खांदे फाटतात, म्हणून हँगरला टांगायचं नाही. धुतलेल्या मलमलीत आडवं ठेवायचं. एवढं सांभाळून वर्षाला विकणार किती नग? दुसरा तसाच नग मागवताही येत नाही. विक्रीवर घरभाडं निघेल, असं मला वाटत नाही.

म्हणून हिशेब वेगळा मांडावा लागेल. पंधरा फेब्रुवारीला सेवालाल जयंती, श्रावणात तीज. त्या दिवसांत शिकणाऱ्या मुलींनाही आजीसारखा पोशाख हवा असतो आणि बाजारात मिळतो तो मशीनच्या भरतकामाचा. धड असलेले जुने पोशाख भाड्याने द्यावेत, जीर्ण झालेले नमुन्यासाठी ठेवावेत, आणि त्या नमुन्यावरून नवे काम तांड्यावरच्याच बायकांकडून मजुरी ठरवून करून घ्यावं. कर्नाटकात संडूरच्या लंबाणी (बंजारा) भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालंय. तिथल्या कुशल कला केंद्रात बायका हेच काम करतात. महागावात सुरुवात एका वहीने होईल: कपडा घेताना टाचणारीचं नाव, तांडा, अंदाजे साल आणि तिला दिलेली रक्कम. नाव लिहायला तिने नकार दिला तर ती जागा कोरी. आणि नात परत मागायला आली, तर घेतल्या भावात परत, एवढी अट पहिल्या पानावर.