आवाजाची वायर आणि आपला खिसा

'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली आहे. मला मात्र तिचा अर्थ गेल्या वर्षी २,१०० रुपये मोजून कळला. मी कला शाखेचा विद्यार्थी, तेव्हा या शास्त्रीय विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारेल. माझे उत्तर एवढेच, की ज्याची बोटे पोळली त्याला विस्तवाबद्दल दोन शब्द बोलण्याची मुभा असावी.

आमचे गाव गुरुकुंज मोझरी. वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला. खंजिरी आणि भजन इथल्या हवेतच आहे. माझे बाबा शेतमजूर, पण भजनी मंडळात डग्गा-तबल्यावर त्यांचा हात चांगला बसलेला. त्यांना घरी नीट भजने ऐकता यावीत म्हणून मी सुटीत काम करून अमरावतीहून एक जुना अँप्लिफायर आणि दोन स्पीकर बॉक्स आणले. जोडणी केली, मोबाइलवरून भजन लावले. बाबांनी थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, "बाबू, खंजिरी आयकू येते, पण डग्गा कुठी गेला रे?"

खरेच, आवाज पोकळ येत होता. मी दुकानात गेलो. दुकानदाराने चकचकीत डब्यातली जाडजूड वायर दाखवली. तिच्या टोकांना सोनेरी पिना होत्या. 'ऑक्सिजनमुक्त तांबे' वगैरे बरेच काही ते बोलले. मला त्यातले काही कळले नाही. पण कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने 'म्हणजे काय?' असे विचारावे तरी कसे? आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. अडाणी दिसण्याच्या भीतीने मी मान डोलावली आणि २,१०० रुपये मोजले. ती आईची निंदणाची सात दिवसांची मजुरी होती. वायर लावली, डग्गा काही परत आला नाही.

शेवटी आमच्या कॉलेजातील विज्ञानाच्या एका सरांना भीतभीत विचारले. त्यांनी वायरची किंमत विचारलीच नाही. "दोन्ही बॉक्सचे प्लस-मायनस तपासलेस का?" एवढेच विचारले. घरी येऊन पाहतो तो एका बॉक्सची तारा-जोडणी उलटी! अशा वेळी एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खर्जाच्या लाटा एकमेकींना मारतात आणि बारीक आवाज तेवढा शिल्लक राहतो. खंजिरीचा झणत्कार होता आणि डग्ग्याची घुमारी नव्हती, ती याचमुळे. दोन तारांची अदलाबदल केली, खर्च शून्य. बाबा नुसते हसले आणि मांडीवर ठेका धरू लागले.

मग माझ्या मनाने घेतले, की वायरचे खरे शास्त्र काय ते समजून घ्यायचेच. मित्रहो, ते आपण समजतो तितके कठीण नाही.

प्रत्येक तार विजेला थोडा अडथळा करते. त्याला रोध म्हणतात आणि तो ओहम या एककात मोजतात. ज्यांच्या नावाने हे एकक आहे ते जर्मनीतील जॉर्ज ओहम हेही एक शिक्षकच. त्यांनी आपला नियम १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. तार जितकी लांब तितका रोध जास्त. जितकी जाड तितका कमी. तांब्याच्या तारेचे गणित सोपे आहे: ०.०१७२ ला तारेच्या मीटरमधील लांबीने गुणावे आणि चौरस मिलिमीटरमधील जाडीने भागावे. वीज जाते आणि परतही येते, म्हणून लांबी दुप्पट धरावी.

समजा, अँप्लिफायरपासून बॉक्स ५ मीटरवर आहे, म्हणजे लांबी १० मीटर. दुकानात जिला 'दीड एमएम' म्हणतात ती १.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली, तर रोध सुमारे ०.११ ओहम येतो. घरगुती स्पीकर बहुधा ८ किंवा ४ ओहमचे असतात. बॉक्सच्या पाठीमागे तसे लिहिलेले असते. वायरचा रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत असावा, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. म्हणजे ८ ओहमसाठी ०.४ आणि ४ ओहमसाठी ०.२. आपली दीड एमएम दोन्हीकडे पास! अर्धा एमएमची वायरही ५ मीटरला ८ ओहमच्या स्पीकरवर ०.३४ ओहम घेऊन काठावर उत्तीर्ण होते. अंतर १० मीटर असेल आणि स्पीकर ४ ओहमचा असेल, तर मात्र अडीच एमएम घ्यावी.

ही वायर म्हणजे विजेच्या दुकानात मीटरवर मिळणारी साधी, अनेक बारीक तारांची तांब्याची वायर. फक्त ती खरोखर तांब्याची हवी. काही स्वस्त वायर आतून अॅल्युमिनियमच्या आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात. त्यांचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. एक तार चाकूने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली की समजावे, 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा'.

सोनेरी पिनांचेही तसेच. सोने गंजत नाही, एवढा त्याचा फायदा खरा. पण वीज वाहून नेण्यात पहिला क्रमांक चांदीचा, दुसरा तांब्याचा आणि सोन्याचा तिसरा.

मोबाइलपासून अँप्लिफायरपर्यंत जाणाऱ्या वायरचे काम वेगळे. तिच्यातला विद्युतसंदेश फार अशक्त असतो आणि आजूबाजूच्या विजेची घूंघूं तो चटकन पकडतो. म्हणून ती जाळीच्या आवरणाची म्हणजे शिल्डेड घ्यावी, आखूड ठेवावी आणि विजेच्या वायरपासून दूर न्यावी.

बॉक्सवरच्या खुणा पुसल्या असतील तर स्पीकरची वायर अँप्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार प्लसची. जोडणी करताना अँप्लिफायर बंद असावा, टोके नीट पिळून घ्यावीत आणि एकही सुटी तार शेजारच्या तारेला शिवू देऊ नये. नाहीतर अँप्लिफायरच जळायचा.

पुढे एका रविवारी आम्ही परीक्षा घेतली. बहिणीने गुपचूप कधी महाग वायर लावली, कधी दीड एमएम. डग्ग्याचा बारीकसारीक फरक ओळखणारे माझे बाबा दहापैकी पाच वेळा बरोबर निघाले. म्हणजे छापा-काटा केल्यासारखेच.

त्या दुकानदारांवर माझा राग नाही. चूक माझी होती. कॉलेज आपल्याला उत्तरे देते, असे मी समजत होतो. आता वाटते, की दुकानाच्या काउंटरवर न लाजता दोन प्रश्न विचारता आले, धातू कोणता आणि जाडी किती, तरी शिक्षणाची फी वसूल झाली. जे आपल्या घरातून प्रथमच कॉलेजात आले आहेत त्यांना माझे विशेष सांगणे आहे: प्रश्न विचारल्याने आपण अडाणी ठरत नाही. न विचारल्याची किंमत मात्र बहुधा घरातले दुसरेच कोणीतरी उन्हात वाकून फेडत असते.