रेडिएटरच्या झाकणापासून सुरुवात

पेट्रोल जळून तयार होणाऱ्या उष्णतेचा जेमतेम पाव हिस्सा चाकांच्या कामी येतो. बराचसा भाग सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला मुख्यतः इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्याला उचलावा लागतो. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८००चं ७९६ सीसीचं छोटं इंजिनही याला अपवाद नाही. २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, तरी अनेकांच्या दारात ती अजून उभी आहे. तिच्या कूलिंगची बहुतेक कामं मालकाने स्वतः करावीत असं माझं ठाम मत आहे. हत्यारं मोजकी लागतात. खरी गरज असते सावकाश शोध घेण्याची, आणि तेवढा वेळ गर्दीच्या गॅरेजमध्ये कुणाकडे नसतो.

गाडी तापू लागली की रेडिएटर बदलायचा सल्ला पटकन मिळतो. त्याआधी झाकण बघावं, तेही इंजिन पूर्ण गार असताना. गरम रेडिएटर उघडला तर उकळतं पाणी थेट चेहऱ्यावर येतं. हे झाकण म्हणजे कुकरची शिटीच. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. पण ०.९ बारचं झाकण नीट दाब धरत असेल, तर समुद्रसपाटीला साधं पाणीही साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर चिरलं, स्प्रिंग सैल पडली की हा सगळा फायदा गेला. झाकणात उलट दिशेला उघडणारी आणखी एक बारीक झडप असते. इंजिन गार होताना तिच्यातून बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. गार गाडीचा वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला, तर पहिला संशय या झडपेवर घ्यावा. नवं झाकण घेताना जुन्यावरचा आकडा जुळवावा. जास्त दाबाचं बसवलं तर जुने पाइप फुटतात.

दुसरा संशयित थर्मोस्टॅट. ‘आपल्याकडे थंडी कुठे आहे, काढून टाका’ असं सर्रास सांगितलं जातं आणि मला त्याची खरोखर चीड येते. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, सिलिंडरची झीज वाढते. आणि तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं. खात्री करणं सोपं आहे. तो काढून पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने टांगायचा, शेजारी थर्मामीटर धरायचा आणि पाणी तापवायचं. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास, बहुधा ८२ ते ८८ अंशांना, तो उघडायला लागला पाहिजे. हे भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये, कारण कूलंटमधलं इथिलीन ग्लायकोल विषारी असतं. ते चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरी चाटतात, म्हणून जुना कूलंट उघड्यावरही ओतू नये.

घाटात ठीक, पण सिग्नलला काटा चढतो, अशी तक्रार असेल तर पंखा बघावा. प्रीमियर पद्मिनीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. मारुतीचा विजेवर चालतो. फ्यूज आणि रिले शाबूत असतील तर फॅन स्विचचा कनेक्टर काढून त्याच्या दोन टोकांत वायर जोडावी. पंखा फिरला तर दोष स्विचचा. हात मात्र पात्यांपासून लांब ठेवावा.

पाणी कुठलं घालता यावरही बरंच अवलंबून आहे. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर नळ्यांत बसतो आणि उष्णता बाहेर जाईनाशी होते. म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे घ्यावेत. आपल्याकडे पाणी गोठत नसलं, तरी गंज रोखायला कूलंट हवाच. भरताना हीटर गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून सावकाश ओतावं. इंजिन चालू करून, वरचा पाइप गरम होईपर्यंत बुडबुडे निघू द्यावेत. आत हवा अडकली तर नवे भाग घालूनही गाडी तापते.

गळका रेडिएटर पितळी असेल तर डाग देणाऱ्या कारागिराकडे न्यावा. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाकीचा असेल तर सहसा बदलावाच लागतो.

बुडबुडे थांबतच नसतील, ऑइल दुधी चहासारखं दिसत असेल किंवा गरम इंजिनही पांढरा धूर सोडत असेल, तर हेड गॅस्केट गेलं असण्याची दाट शक्यता असते. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं. ते उतरवून फेसिंग करून घ्यावं लागतं. त्या गाडीला मग स्टार्टर मारू नये, टोचन करूनच गॅरेजला न्यावी.