सिस्टरच्या डब्याला कायद्याची साथ

दुपारचे दोन वाजलेत, सलाईन संपत आलंय आणि डबा अजून पिशवीतच. नर्सची जेवणाची सुट्टी कागदावर असतेच. अडतं ते तिच्या जागी कोण थांबणार, इथे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने ही अडचण नेमकी ओळखली. पाच तासांहून मोठ्या ड्युटीत अर्ध्या तासाची सुट्टी. ती बुडवली तर एका तासाचा जादा पगार. पण खरा जोर आहे तो २००४ पासून लागू झालेल्या रुग्णसंख्येच्या मर्यादेत. साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात २००५ पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त पाच रुग्ण. हा आकडा जेवणाच्या वेळीही मोडता येत नाही!

म्हणून तिथली कित्येक रुग्णालयं केवळ सुट्टीवर गेलेल्या नर्सच्या जागी थांबायला वेगळी नर्स नेमतात. पाच रुग्ण आधीच सांभाळणाऱ्या मैत्रिणीला ‘जरा माझ्या पेशंटकडे बघ गं’ म्हणून दोन घास कोंबणं कायद्यात बसत नाही.