रुग्णनोंदींसाठी वाढीव जागा

अंधेरी-बोरिवली, मुलुंड-घाटकोपर या उपनगरांतून येणाऱ्या रुग्णांच्या नोंदी आता मुख्यतः संगणकावर ठेवल्या जातात. सीटी स्कॅनचे एक चित्र साधारण अर्धा मेगाबाइट जागा घेते व एका तपासणीत अशी शेकडो चित्रे असू शकतात. तत्कालीन मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. डिस्कवरील जागा संपल्यास नवी नोंद जतनच होत नाही.

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालतात. त्यांपैकी एखाद्याची डिस्क वाढविणे म्हणजे वॉर्डाशेजारची खोली मिळविण्यासारखे आहे. मधली भिंत पाडून खाटा मांडल्याखेरीज तिचा उपयोग होत नाही. त्याचप्रमाणे आभासी डिस्क वाढविल्यावर आधी तिच्यातील विभाग व नंतर फाइल-प्रणाली वाढवावी लागते. तोवर ऑपरेटिंग सिस्टिमला नवी जागा वापरता येत नाही. या कामी चूक झाल्यास जुन्या नोंदी नष्ट होण्याचा धोका असतो. म्हणून अन्यत्र ठेवलेली प्रत तपासून घेतल्यावरच काम हाती घ्यावे लागते.

देणगीतून घेतलेली डिस्क कोणाच्या नजरेस पडत नाही. मात्र मागील तपासणीचे चित्र डॉक्टरांसमोर वेळेवर आले, तर रुग्णाची पुनर्तपासणी व तिचा खर्च वाचू शकतो.