उतारवयातील एच.आय.व्ही. : वयावर ढकलू नका



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खताचे हप्ते यांविषयी लिहितो. आज विषय वेगळा आहे. कुरुंदवाड भागात ऊस नोंदीसाठी हिंडताना एखादे काका फार खंगलेले दिसतात. विचारले की उत्तर ठरलेले, "आता वय झालं, चालायचंच." पण वजन घटणे, अंगात बारीक ताप राहणे, जुलाब न थांबणे हे प्रत्येक वेळी वयामुळेच असते असे नाही. मधुमेह, क्षयरोग यांप्रमाणे त्यामागे कधी एच.आय.व्ही.ही असतो. हा तरणा पोरांचा रोग, अशी समजूत असल्याने म्हाताऱ्या माणसाची तपासणी कुणाला सुचत नाही, आणि निदानाला उशीर होतो.

हुमणीचे आपण जाणतोच. ऊस वाळून बेट हातात येते, तेव्हा मुळ्या खाऊन झालेल्या असतात. हा विषाणूही तसाच रक्तातील सीडी-४ नावाच्या रक्षक पेशी वर्षानुवर्षे गुपचूप खात असतो.

भारतात हा रोग १९८६ साली मद्रासमध्ये प्रथम आढळला, तेव्हा हाती औषध नव्हते. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ए.आर.टी. औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. २०१७ पासून पेशी किती उरल्या हे न पाहता प्रत्येक बाधिताला औषध द्यावयाचे धोरण आहे.

मग म्हातारपणी औषध लागू पडते का? पडते. विषाणू दाबण्याचे काम साठीतही तरुणांइतकेच चांगले होते. गोळ्या वेळेवर घेण्यात तर वडीलधारी माणसे बहुधा पोरांपेक्षा पक्की असतात. फरक एकच. नव्या रक्षक पेशी घडविणारी छातीतील ग्रंथी वयाबरोबर आकसते, म्हणून पेशी सावकाश वाढतात. यासाठीच उतारवयात उशीर जास्त महागात पडतो.

दुसरी गोष्ट रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्यांची. ए.आर.टी.तील डोल्युटेग्राव्हिरमुळे मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा अंमल वाढतो. कॅल्शियम, लोह व पित्ताच्या काही औषधांमुळे डोल्युटेग्राव्हिर अंगी कमी लागते. म्हणून घरातील सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ओता. बरे वाटले म्हणून औषध मनाने सोडू नका. विषाणू पुन्हा उसळतो व औषधाला दाद देईनासा होतो.

घरच्यांनी भिण्याचे कारण नाही. एका ताटात जेवल्याने, डास चावल्याने, शेजारी बसून ऊस तोडल्याने हा रोग पसरत नाही. नियमित औषधाने विषाणू तपासणीत न दिसण्याइतका दबून राहिला, तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला बाधा होत नाही.

"या वयात लोक काय म्हणतील?" हीच खरी अडचण आहे. पण १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करणे, संमतीशिवाय नाव फोडणे व भेदभाव करणे यांस मनाई आहे. सरकारी रुग्णालयांतील तपासणी केंद्रांत तपासणी मोफत व गुप्त होते. औषधांसाठी कोल्हापूरच्या सी.पी.आर. रुग्णालयात ए.आर.टी. केंद्र आहे. १०९७ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

तेव्हा घरचे कुणी खंगत असेल, तर वयावर ढकलू नका. रक्त एकदा तपासून घ्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी