तापीचा प्राणवायू

बऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या दरवाजाआत वसलेले असोत की बाहेर, साऱ्या वस्तीचे सांडपाणी उताराने अखेर तापीकडेच जायचे. सूर्यकन्या म्हणून जिला आपण अर्घ्य देतो, त्या नदीचा नेपानगर ते बऱ्हाणपूर हा टप्पा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली दूषित नदीपट्ट्यांच्या यादीत घातला. (नेपानगर म्हणजे १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेल्या वृत्तपत्री कागदाच्या गिरणीचे गाव. आम्हा वृत्तपत्रवाल्यांना तेथल्या नदीविषयी परकेपणा बाळगता येणार नाही.)

नदी दूषित ठरते ती मुख्यतः जीवाणूंच्या भुकेवरून. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून आपल्याकडे २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवतात आणि तेवढ्यात जीवाणूंनी किती प्राणवायू खर्चिला ते मोजतात. स्नानाच्या पाण्यात हा खर्च लिटरमागे ३ मिलिग्रॅमवर जाऊ नये, आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा दंडक आहे.

जीवाणू एकाचे दोन होऊन वाढतो. २० मिनिटांत दुप्पट होणाऱ्या एका जीवाणूची प्रजा ७ तासांत २० लाखांवर जाते. तिला आवर घालतो तो बहुधा अन्नाचा तुटवडा, आणि तोच आपण सांडपाण्याने भरून काढतो. प्राणवायूच्या साहाय्याने अन्नकण पुरता जाळला तर त्याचे पाणी व कर्बवायू होऊन भरपूर शक्ती मिळते. प्राणवायूवाचून तो नुसता आंबवला तर मिळणारी शक्ती अगदीच तुटपुंजी. साहजिकच प्राणवायू आहे तोवर त्यावर ताव मारला जातो. पण ३० अंशाच्या लिटरभर पाण्यात तो मावतो सुमारे साडेसात मिलिग्रॅम! उन्हाळ्यात प्रवाह आटला की ही पुंजी सरते, मासे तडफडतात, आणि गंधकाच्या क्षारांवर श्वसन करणारे दुसरे जीवाणू कारभार हाती घेतात. सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येते ती त्यांच्यामुळे.

किनाऱ्यावरच्या वाचकांनी ही कथा दूरची समजू नये. १९९९ साली पावसाळ्याच्या अखेरीस गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रतळाशी प्राणवायू संपून हाच दुर्गंधी वायू साठलेला आढळला. खोलातून वर येणारे अल्पप्राणवायूचे पाणी हे त्याचे नैसर्गिक कारण खरे. पण जमिनीवरून वाहून येणाऱ्या नत्राकडेही त्यांनी बोट दाखविले होते.

उपाय जीवाणूंच्याच हाती आहे. १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न व लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा फुंकून जीवाणूंकडूनच ते शुद्ध करवून दाखविले. नदीत जे घडून ती गुदमरते, तेच टाकीत घडवून आणायचे, एवढेच. खर्च आहे तो मुख्यतः हवा फुंकणाऱ्या यंत्रांच्या विजेचा, आणि उद्घाटनाची फीत कापताना या विजेची आठवण कोणालाच नसते. सातपुड्याचे पाझर भुयारांतून शहरात आणणारा कुंडी भंडारा १६१५ साली बांधणाऱ्या बऱ्हाणपुराला पाण्याची किंमत कोणी शिकवायची? तापीकाठच्या प्रत्येक नगरपालिकेने त्या ३ दिवसांच्या परीक्षेचा आकडा दरमहा घाटावर फळ्यावर लिहावा, एवढीच आमची तूर्त मागणी आहे.